बेलमची गुहा : कडाप्पाच्या पोटातला इतिहास

पीकपाणी नेहमीचंच, आज जरा जुन्या काळाचं. आंध्रातल्या नंद्याल जिल्ह्यात कोलिमिगुंड्लाजवळची बेलम गुहा बघून आलो.

वेरूळ डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर आधी गोंधळाल. इथं डोंगरच नाही. सपाट रान आणि त्यात विहिरीसारखी भगदाडं. त्यातल्या एकातून पायऱ्यांनी खाली उतरायचं. आपली लेणी माणसानं छिन्नीनं कोरली, ही गुहा पाण्यानं. दगड चुनखडीचा, आपल्या ओट्याला बसवतो तो कडाप्पा याच मुलखातला. पाऊस मातीतून मुरताना पाणी किंचित आंबट होतं आणि चुना विरघळवत जातं. ड्रीपर चोंदले की आपण ॲसिड सोडतो ना, तेच काम, फक्त लाखो वर्षं चाललेलं. आणि छताला लोंबणारे दगडी सुळके म्हणजे ड्रीपरच्या तोंडाशी साचणारा पांढरा थरच समजा! एकूण लांबी 3229 मीटर, आपल्याला फिरायला त्यातली साधारण निम्मी. सगळ्यात खोल जागा पाताळगंगा, दीडशे फुटांवर, तिथं पाणी वाहतं. आत उकाडा भलता.

1884 मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भ खात्यातल्या साहेबानं या गुहेची नोंद केली. हा तोच माणूस, ज्याला 1863 मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगातलं दगडी हत्यार सापडलं. याच भागातल्या बिल्लासुरगमच्या गुहा त्यानं आणि त्याच्या मुलानं खणल्या, तर गेंड्याची हाडं निघाली. आज तिथं गेंडा सांगितला तर लोक हसतील.

बेलमकडे मात्र पुढं शंभरेक वर्षं कुणी फारसं बघितलं नाही. 1982 ते 84 मध्ये गेबाउर या जर्मन माणसाच्या पथकानं आत शिरून मोजणी केली. बुद्धाच्याही आधीच्या भांड्यांचे तुकडे इथं मिळालेत. इसवी सनापूर्वी 4500 चा काळ सांगतात. पुढं बौद्ध भिक्खूही राहून गेले, त्यांच्या वस्तू अनंतपूरच्या संग्रहालयात आहेत.

आणि मधल्या काळात याच भगदाडांत आसपासचा कचरा पडत होता. मला हे जास्त लागलं. कारण बांधावरच्या पडक्या विहिरीत मल्चिंगचा फाटका कागद आपणही ढकलतोच, खाली काय आहे ते न बघता. 1999 पासून तिथल्या पर्यटन महामंडळानं गुहा साफ केली, दिवे लावले, 2002 मध्ये लोकांना खुली केली.

जायचं तर ताडपत्रीहून तीसेक किलोमीटर. पाण्याची बाटली घ्या, रिकामी झाली की परत आणा.