क्लॅरिनेटची निवड व निगा : एक ऐतिहासिक विवेचन

प्रौढ वयात क्लॅरिनेट शिकू पाहणाऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात : वाद्य कोणते घ्यावे, आणि घेतलेले कसे सांभाळावे? वाद्याचा इतिहास पाहता हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, असे दिसून येते.

क्लॅरिनेटच्या निर्मितीचे श्रेय न्यूर्नबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर (१६५५–१७०७) यास दिले जाते. आरंभीच्या वाद्यास दोनच चाव्या असत. ते बहुधा बॉक्सवुडचे असे. हे लाकूड ओलावा शोषून वाकते. चाव्यांखालील चपटे चामडे रंध्रे पुरती झाकीत नसे. साहजिकच चाव्या वाढविणे म्हणजे हवा गळण्याच्या जागा वाढविणे होते. अठराव्या शतकाच्या अखेरीसही पाच-सहा चाव्यांवरच भागवावे लागे आणि स्वरपट्टीनुसार वादक निरनिराळी वाद्ये बाळगीत.

ही कोंडी इव्हान म्युलर याने फोडली. लोकर भरलेल्या चामड्याच्या गाद्या वापरून त्याने तेरा चाव्यांचे वाद्य सिद्ध केले व १८१२ मध्ये पॅरिसच्या संगीत विद्यालयाच्या समितीपुढे ठेवले. एकाच वाद्याने सर्व स्वरपट्ट्या वाजू लागल्या तर निरनिराळ्या वाद्यांचे नादवैविध्य लोपेल, या कारणास्तव समितीने ते नाकारले. वादकांनी मात्र ते पुढे स्वीकारले. १८३९ मध्ये क्लोझे व ब्युफे यांनी फिरत्या कड्यांची रचना पुढे आणली. तिने बोटांचे श्रम कमी केले. परंतु एक दांडी किंचित वाकली तरी दुसरी गादी नीट बसेनाशी झाली. वादन जितके सुलभ झाले, तितकी निगा सूक्ष्म झाली.

तथापि नवे तेच श्रेष्ठ, असा नियम ठरत नाही. मायनिंगेनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून आलेला रिखार्ड म्यूलफेल्ड पुढे बहुतांशी स्वप्रयत्नाने क्लॅरिनेट शिकला व १८७९ पासून तेथील प्रमुख क्लॅरिनेटवादक झाला. काळ्या, कठीण लाकडाची वाद्ये प्रचारात येत असतानाही त्याने बॉक्सवुडचेच वाद्य ठेवले. त्याच्याच वादनाने प्रेरित होऊन ब्राम्सने १८९१ मध्ये क्लॅरिनेटसाठी त्रिवादन व पंचवादन रचले.

आजही लाकडी वाद्य तडकू नये म्हणून वाजवून झाल्यावर आतील ओल कापडाने टिपावी लागते, तर प्लॅस्टिकचे वाद्य हवामान अधिक सोसते. गाद्यांची व जिव्हाळीची काळजी दोहोंनाही सारखीच लागते. तेव्हा रोज जितकी निगा राखणे शक्य आहे, तितकी मागणारे वाद्य निवडणे, हाच या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.