पायडल असलेली मोटर

सायकलच्या सांगाड्यात छोटे इंजिन बसवून घरच्या घरी जुन्या घाटाची गाडी तयार करणे हे हल्लीचे खूळ वाटते. खरे तर मोटरसायकल जन्मलीच तशी. कारखाने मागून आले. फ्रान्समध्ये १८७०च्या आसपास पेरो यांनी मिशो सायकलवर वाफेचे इंजिन चढवले. पुढे पेट्रोलचे इंजिन पुरेसे हलके झाले, तेव्हा बेल्जियममधल्या मिनर्व्हा कंपनीने नुसती इंजिनेच विकायला सुरुवात केली. सायकल गिऱ्हाइकाची, इंजिन कंपनीचे, जोडणी ज्याची त्याने करायची. ट्रायम्फची १९०२ची पहिली मोटरसायकल म्हणजे ट्रायम्फच्याच सायकलीत बसवलेले मिनर्व्हाचे इंजिन.

या जोडणीतली अडचण अमेरिकेत मिलवॉकीच्या चढांवर उघडी पडली. हार्ले आणि डेव्हिडसन यांनी साध्या सायकलीत ११६ सीसीचे इंजिन बसवले, पण चढ लागला की पायडल मारल्याशिवाय गाडी पुढे सरकेना. म्हणून त्यांनी इंजिन जवळजवळ साडेतीन पट मोठे केले; ते सायकलच्या सांगाड्याला पेलेना, म्हणून सांगाडा नव्याने आखला. इंजिन लहान ठेवले तर पायडल सुटत नाही आणि मोठे केले तर सायकल उरत नाही, हा पेच तेव्हापासून या गाडीच्या मागे लागला आहे. आजचे हौशी लोक ज्या रूपाची नक्कल करतात ते याच काळानंतरचे आहे. १९१०च्या दशकात अमेरिकेत लाकडी फळ्यांच्या, तिरप्या बांधलेल्या गोल धावपट्ट्यांवर शर्यती होत. त्या गाड्यांना ब्रेक नसत. खाली वळलेले हँडल, दांडीखालची चपटी, लांबट टाकी, कातडी सीट आणि पातळ टायर हे सगळे तिथून आलेले. ब्रेक नसण्याची नक्कल न केलेलीच बरी.

दुसऱ्या महायुद्धानंतर जग पुन्हा सायकलीकडे वळले, कारण पेट्रोल आणि पैसा दोन्हींची टंचाई होती. इटलीत डुकाटीने ‘कुच्चोलो’, म्हणजे कुत्र्याचे पिल्लू, या नावाचे सायकलला जोडायचे इंजिन बनवले. फ्रान्समध्ये १९४६ साली आलेल्या व्हेलोसोलेक्सचे इंजिन पुढच्या चाकावर बसे आणि रुळाने थेट टायर फिरवी. सर्वांत घरगुती गोष्ट जपानमधल्या हामामात्सूची. सोइचिरो होंडा यांना १९४६ मध्ये लष्कराच्या वायरलेस संचांना वीज पुरवणारी छोटी, पडून राहिलेली इंजिने मिळाली; ती त्यांनी सायकलींना जोडली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून लावली होती ती अंथरूण गरम करायची गरम पाण्याची बाटली.

भारतात या कहाणीला पायडलची बाजू आधी मिळाली, इंजिनाची बरीच उशिरा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, त्या वेळी सायकल ही साहेबांची आणि श्रीमंतांची चीज होती. स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत आणि लुधियाना इथे मोठे कारखाने उभे राहिले आणि २८ इंची काळी सायकल गावोगाव पोहोचली. तिचा आराखडा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी सायकलीचा आणि तो फारसा बदललाच नाही. मागच्या चाकाला ४० तारा, पुढच्याला ३२, दांडीचे ब्रेक, स्प्रिंगची रुंद सीट. डबल दांडीच्या सायकलीत तर वरच्या दोन दांड्यांमध्ये पत्र्याची टाकी जणू बसवण्यासाठीच जागा सोडली आहे; जुन्या चपट्या टाकीच्या मोटरसायकलींत ती नेमकी तिथेच असे. परदेशातल्या हौशी माणसाला जुने रूप पैसे मोजून घडवावे लागते. मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये ते रूप दुधाचे कॅन लटकवून दारात येते.

बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे भाग जोडून झाला. शहराचे जुने नाव बुढा. खाली वैनगंगेच्या खोऱ्यात वारासिवनी, लांजीची धानाची जमीन, वर बैहरचे पठार. शहराला लागून भरवेलीची मँगनीजची खाण. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला. त्यातून पुढे वेगळा झालेला गोंदिया आज महाराष्ट्रात एमएच-३५ पाटी लावतो, बालाघाट एमपी-५०. भाषा मात्र पाटी बघून बदलत नाही. अरुंद रूळमार्गाची गाडी गोंदियाहून जबलपूरकडे जाई. स्थानकापासून गावापर्यंतचे अंतर माणसे पायी किंवा सायकलीने कापत. अशा मुलखात मोपेड उपयोगाची ठरते ती अंतरामुळे: पायडलला जड आणि बससाठी थोडे.

मोपेड भारतात १९६०च्या दशकात आली. तिरुपतीला फ्रेंच मोटोबेकानच्या परवान्याने ‘सुवेगा’ बनू लागली. मराठी मुलखाची मोपेड म्हणजे लूना. कायनेटिक इंजिनीअरिंगने ती १९७२ मध्ये आणली. मूळ गाडी पियाज्जोची इटालियन ‘चाओ’, कारखाना अहमदनगरला. इंजिन ५० सीसी, गिअर नाही, क्लच आपोआप लागणारा. गाडी स्टँडवर लावायची, पायडल फिरवायचे, इंजिन धरले की स्टँडवरून उतरवायची. पेट्रोल संपले तर इंजिन सोडवून सायकलीसारखी पायडल मारत घरी न्यायची. ही सोय जाहिरातीत फारशी नसे, पण पेट्रोलपंप दहा-पंधरा किलोमीटरवर असलेल्या गावात गाडी त्याच सोयीसाठी घेतली जाई. १९८० मध्ये टीव्हीएसने दोघांना बसता येईल अशी मोपेड काढली आणि पोती लादायचा काळ सुरू झाला. एनफिल्डची २२ सीसीची ‘मोफा’ त्या मानाने सायकलीच्या जास्त जवळची.

घरी जोडणाऱ्याकडे आता दोन वाटा आहेत. भंगारातले मोपेडचे इंजिन किंवा ‘८० सीसी’ म्हणून विकले जाणारे चिनी किट, जे मोजले तर ६६ सीसीच्या आसपास भरते. किट सांगाड्याच्या त्रिकोणात दोन पट्ट्यांनी आवळले जाते. मागच्या चाकाच्या तारा रबराच्या चकत्यांमध्ये धरून त्यावर ४४ दात्यांचे चक्र ९ बोल्टांनी बसवायचे असते. घोडे अडते ते इथे. नऊ भोके ३६ तारांच्या चाकासाठी आखलेली. एका बाजूच्या १८ तारांत ती नीट बसतात. देशी सायकलीच्या मागच्या चाकाला ४० तारा, म्हणजे बाजूला २०. बोल्ट तारेवरच येतो. मग एक तर ३६ भोकांचे हब आणि रिम घेऊन चाक नव्याने विणायचे किंवा चक्र थेट हबला धरणारी पकड खरादावर करून घ्यायची. चाक विणले तरी आऊट काढणे बाकी असते. चक्र दोन मिलिमीटर जरी डुलले तरी चेन उतरते, आणि चालत्या गाडीत उतरलेली चेन चाकात अडकते.

वेगाचा हिशेब सोपा आहे. इंजिनच्या आतले दाते ४.१ पट आणि बाहेरची १० व ४४ दात्यांची जोडी ४.४ पट, मिळून चाक इंजिनाच्या अठराव्या भागाने फिरते. मिनिटाला ५,००० फेऱ्या आणि सव्वादोन मीटर परिघाचे २८ इंची चाक धरले तर ताशी साधारण ३७ किलोमीटर. काळ्या सायकलीचा दांडीचा ब्रेक हा वेग पेलत नाही; पावसात ओल्या क्रोम रिमवर रबर नुसते घसरते. जाणता मिस्त्री आधी ब्रेक बदलतो, छर्रे-कोन तपासतो, पुढचा चिमटा पाहतो आणि मग इंजिनाला हात लावतो. नव्या इंजिनाला सुरुवातीला लिटरभर पेट्रोलमागे साठएक मिलिलिटर तेल द्यावे लागते.

कायदा इंजिन सीसीत मोजतो. मोटार वाहन कायद्यानुसार चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाचे इंजिन २५ सीसीपेक्षा जास्त नसेल तर ते मोटार वाहन धरले जात नाही. मोफा त्या मापात बसे. किट आणि लूनाचे इंजिन दोन्ही बाहेर. तशी घरची गाडी रस्त्यावर आणायची तर नोंदणी हवी, आणि हाताने जोडलेल्या एकट्या गाडीला एमपी-५० काय, एमएच-३५ काय, पाटी सहजी मिळत नाही. विजेच्या मोटरीला वेगळी सूट आहे: २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत, पण तीही मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेल्या नमुन्याला. म्हणून नवी जोडणी हबमध्ये बसणाऱ्या मोटरीकडे वळली आहे. टाकीच्या जागी बॅटरीचा डबा येतो, रंग जुन्या टाकीचाच दिला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये लूनाही विजेवर परतली, पण पायडल सोडून. २५० वॅटच्या हबवर बालाघाटहून बैहरकडे निघालेल्याला मात्र घाट लागला की पायडल मारावेच लागते.