फलकावर नसलेला खेळ

आपल्या शाळेत खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो आणि पावसाळ्यात चिखलातला फुटबॉल. कॉटन ग्रीन बंदराला खेटून वसलेलं असलं तरी पोहायला पाणी नव्हतं. समुद्र आणि आपल्यामध्ये कापसाची गोदामं आणि पोर्ट ट्रस्टच्या भिंती. तरीही आपल्या तुकडीतला एक जण संध्याकाळी बसनं दादरला, शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावावर जायचा. कबड्डीत चढाई त्याचीच, खो-खोतही पहिल्या फळीत, पण जीव पाण्यात. नाव लिहू नकोस असं त्यानंच बजावलंय, आणि तुम्हाला ते सांगायची गरजही नाही. तो वॉटर पोलो खेळतो म्हटल्यावर, घोडे पाण्यात कसे उतरवतात, असं आपल्यातल्याच एकानं विचारलं होतं!

त्याच्यामुळे मला सचिन नाग हे नाव कळलं. 1920 साली वाराणसीत जन्मलेला हा बंगाली जलतरणपटू. लहानपणी पोलिसांच्या लाठीमारातून सुटायला त्यानं गंगेत उडी मारली, तिथं शर्यत चालू होती आणि हा तिसरा आला, अशी गोष्ट सांगतात. 1947 मध्ये त्याच्या पायाला गोळी लागली. तरी पुढच्याच वर्षी तो लंडन ऑलिंपिकमध्ये 100 मीटर फ्रीस्टाइलही पोहला आणि वॉटर पोलोही खेळला. चिलीला भारतानं 7-4 असं हरवलं, त्यात चार गोल त्याचे.

दोन्ही खेळ पाण्यातले म्हणून सारखे वाटतात, पण तसं नाही. शर्यतीत डोकं पाण्यात, नजर तळाच्या रेषेवर. वॉटर पोलोत डोकं सतत वर, तळाला पाय टेकायचा नाही, गोलरक्षक सोडून बाकीच्यांनी चेंडू एकाच हातानं धरायचा आणि शेजारचा पाण्याखाली ढकलत असतो. एकात वेग लागतो, दुसऱ्यात दम आणि थोडा आडदांडपणा. आपल्या मित्राला कबड्डीनं नेमकं हेच दिलं असावं, असं मला वाटतं. चढाईला जाऊन श्वास राखणं काही वेगळं नाही.

मार्च 1951 मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. नागनं 100 मीटर 1 मिनिट 4.7 सेकंदांत जिंकले, आणि वॉटर पोलोचं सुवर्णही भारताच्याच संघानं घेतलं. त्या संघातही तो होता. 1987 मध्ये तो गेला. ध्यानचंद पुरस्कार मिळाला 2020 मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर 33 वर्षांनी.

शाळेचा सन्मानफलक यंदा नव्यानं रंगवला जातोय. त्यात जलतरणाची एक ओळ असावी, असं पत्र मी समितीला दिलंय. आंतरशालेय स्पर्धांची प्रमाणपत्रं किंवा तलावावरचे जुने फोटो कुणाकडे असतील, तर मेळाव्याला येताना आणा. वर्षं पक्की करायची आहेत.