दाताच्या मुळातला गट्टापर्चा

दाताच्या आत पू झाला की आज रूट कॅनाल करतात आणि साफ केलेल्या नळीत गुलाबी-केशरी बारीक काड्या भरतात. या काड्या गट्टापर्चाच्या, म्हणजे मलायातल्या एका झाडाच्या चिकाच्या. 1870 साली मुंबई समुद्रमार्गे इंग्लंडशी जोडणारी तार टाकली गेली, तिच्यावरचे वेष्टणही याच चिकाचे होते.

आधीची हकीकत थोडकी आहे. फ्रान्सच्या पिएर फोशारने 1728च्या ग्रंथात दात पोखरून पू काढण्याची कृती दिली. 1838 साली अमेरिकेत एडवर्ड मेनार्डने घड्याळाच्या स्प्रिंगपासून नळी साफ करायची बारीक सुई घडवली. नळी भरायला सोन्याचा वर्ख वापरत.

चीक युरोपात कोणी नेला यावर मात्र वाद आहे. 1843 साली सिंगापूरचे सर्जन विल्यम माँटगोमरी आणि तिथलेच जोसे दा आल्मेडा, दोघांनीही लंडनला नमुने पोचवले. मान माँटगोमरीला द्यावा हे बरे, कारण चिकाचा उपयोग काय हे त्याने दाखवले. अर्थात त्यालाही ते कळले मलायी लोकांच्या कोयत्यांच्या मुठींवरून. गरम पाण्यात मऊ आणि गार होताच कडक, हा गुण तिथल्या कारागिरांना आधीच ठाऊक होता.

दंतवैद्यांनी हा पदार्थ तारवाल्यांकडून उचलला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण सनावळी आड येते. एसा हिलने गट्टापर्चात चुना आणि गारेची पूड मिसळून दात भरायचे मिश्रण केले ते 1847 साली, आणि इंग्लिश खाडीतली पहिली तार पडली 1850 मध्ये. मुळाच्या नळीत गट्टापर्चा भरल्याचा जी. ए. बोमनचा दावा मात्र 1867चा, म्हणजे अटलांटिक तार कायमची चालू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षीचा. तारांच्या कारखान्यांमुळे शुद्ध माल सहज मिळू लागला होता, त्याचाच हा फायदा असावा. 1887 पासून एस. एस. व्हाइट कंपनी तयार काड्या विकू लागली.

निदानाला खरा हात दिला एक्स-रेने. न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्सने 1899 साली नळीत तार घालून फोटोवर मुळाची लांबी मोजली. दातावर हलके ठोकले की कळ येणे, गारव्याची जाणीव नसणे आणि मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसणे, या आजच्या खुणा. सुरुवातीला मात्र डाग दिसत नाही. हाड बरेच झिजावे लागते.

नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. मेलेल्या गाभ्यात रक्तच फिरत नाही, तर औषध पोचणार कसे? म्हणून पू वाहता करायचा, नळी फाइलने घासून सोडियम हायपोक्लोराइटने धुवायची आणि मग काड्या भरायच्या. काडीत गट्टापर्चा जेमतेम पाचवा हिस्सा. बहुतेक झिंक ऑक्साइडच. ती दाताला आपणहून चिकटत नाही, सीलर लागतो. पू पुन्हा झालाच तर तीच काडी उष्णतेने किंवा द्रावकाने मऊ करून काढता येते, आणि नळी नव्याने साफ करता येते.