उच्च रक्तदाबावरील औषधांचे दुष्परिणाम व त्यांचे व्यवस्थापन : सर्पगंधा ते ॲम्लोडिपिन

उच्च रक्तदाबाच्या औषधोपचाराचा इतिहास सामान्यतः औषधांच्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रत्यक्षात तो दुष्परिणामांशी केलेल्या तडजोडींचाही इतिहास आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रात घडला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांवरील सर्पगंधाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले. तत्पूर्वी १९३१ मध्ये सेन व बोस यांनी हीच मुळी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवरील औषध म्हणून मांडली होती. जे द्रव्य उन्माद शमविते ते निरोगी मनालाही मंद करील, ही सूचना त्यातच दडलेली होती. तिची दखल मात्र उशिरा घेतली गेली.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी सर्पगंधापासून रेसर्पिन वेगळे केले. लवकरच नाक चोंदणे, सुस्ती, नाडी मंदावणे आणि काही रुग्णांत तीव्र खिन्नता अशा तक्रारी पुढे आल्या. त्यावर दोन उपाय रूढ झाले. एक, मात्रा कमी करणे. दुसरा अधिक कल्पक होता : डायहायड्रॅलाझिनने हृदयाची गती वाढते, रेसर्पिनने ती मंदावते, म्हणून दोन्ही अल्प मात्रेत एकाच गोळीत देणे. 'ॲडेल्फेन' या नावाने हे मिश्रण भारतात दीर्घकाळ वापरले गेले.

हेच सूत्र आज वऱ्हाडातही उपयोगी पडते. २०१० मध्ये सुरू झालेल्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अमरावती जिल्हा आरंभीच समाविष्ट झाला. २०१७ च्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात शेजारचा वर्धा जिल्हा आला. ॲम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते. मूत्रपिंड बिघडले या समजुतीने रुग्ण गोळी सोडतो. वस्तुतः सूक्ष्म धमन्या रुंदावतात, शिरा तितक्या रुंदावत नाहीत, म्हणून द्रव पाझरतो. लघवी वाढविणाऱ्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. टेल्मिसार्टन जोडल्यास शिराही सैलावतात आणि सूज कमी होते.

अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्याचा प्रश्न निराळा आहे. पारा ४५ अंशांकडे झुकत असताना शेतात धसकटे वेचणाऱ्या मजुराने क्लोरथॅलिडोन घेतल्यास घामासोबत क्षार अधिकच घटतात आणि उठताना घेरी येते. अशा वेळी उभ्याने मोजलेला रक्तदाब आणि रक्तातील सोडियम-पोटॅशियम पाहून डॉक्टर मात्रा बदलतात. परस्पर गोळी सोडणाऱ्याची घेरी थांबते खरी, परंतु रक्तदाब पुन्हा चढतो आणि बहुधा त्याला त्याची जाणीवही होत नाही.