पास घ्यावा की प्रत्येक वेळी तिकीट? रेल्वे आणि मेट्रो प्रवासाचा हिशेब

रेल्वेने वारंवार प्रवास करणाऱ्या व्यक्तीपुढे एक प्रश्न नेहमी उभा राहतो. एकदाच ठरावीक रक्कम भरून पास घ्यावा की प्रत्येक प्रवासाचे स्वतंत्र तिकीट काढावे? युरोपच्या सहलीला निघालेल्या कुटुंबाला हा प्रश्न पडतो. फरिदाबादहून रोज दिल्लीला कामावर येणाऱ्या कामगारालाही तो पडतो, आणि महाराष्ट्रातून दिल्ली-आग्रा पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकालाही. तिघांच्या खर्चाचे आकडे वेगवेगळे असले तरी हिशेबाची रीत एकच आहे. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात उपलब्ध असलेले पर्याय, त्यांचे नियम आणि त्यांच्या मर्यादा यांची माहिती या लेखात देण्यात आली आहे.

इंडरेल पास आता बंद

युरोपातील रेल्वे पासच्या धर्तीवर भारतीय रेल्वेचाही एक पास होता. इंडरेल पास या नावाने ओळखला जाणारा हा पास केवळ परदेशी नागरिक आणि अनिवासी भारतीय यांच्यासाठी होता. त्याची किंमत परकीय चलनात आकारली जात असे. अर्ध्या दिवसापासून ९० दिवसांपर्यंतच्या मुदतीत देशभर कोणत्याही मार्गाने प्रवास करण्याची मुभा त्यामुळे मिळत असे. नवी दिल्ली स्थानकातील आंतरराष्ट्रीय पर्यटक केंद्रातून या पासची विक्री होत असे. पासधारकाला आरक्षण शुल्क किंवा सुपरफास्ट अधिभार द्यावा लागत नसे, मात्र आसन वा शायिका मिळवण्यासाठी आरक्षण करणे त्यालाही आवश्यक होते. २०१७ मध्ये ही योजना बंद करण्यात आली. त्यामुळे जुन्या प्रवास मार्गदर्शक पुस्तकांतील या पासचा उल्लेख आता गैरलागू आहे. परदेशातून मायदेशी येणाऱ्या मराठी कुटुंबांनी याची नोंद घेणे आवश्यक आहे.

रोजच्या प्रवाशांसाठी मासिक पास

दिल्लीच्या भोवती फरिदाबाद, पलवल, गाझियाबाद, सोनीपत, पानिपत, रोहतक, रेवाडी अशा शहरांतून रोज रेल्वेने राजधानीत येणारा नोकरदार आणि कामगारवर्ग मोठा आहे. त्यांच्यासाठी मासिक आणि त्रैमासिक पासची सोय आहे. साधारणपणे १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी हा पास दिला जातो. त्रैमासिक पासची किंमत मासिक पासच्या २.७ पट असते. म्हणजेच तीन महिन्यांचे पैसे एकदम भरणाऱ्यास एका पासच्या किमतीच्या सुमारे ३० टक्के रक्कम वाचते.

मासिक पासची किंमत साधारण १५ एकेरी प्रवासांच्या भाड्याइतकी धरली जाते. जून २०१४ मध्ये रेल्वे भाडेवाढ जाहीर झाली, तेव्हा ही किंमत ३० एकेरी प्रवासांच्या भाड्यावर आधारण्याचा निर्णय घेण्यात आला होता. त्याला मुंबईसह सर्वत्र तीव्र विरोध झाला आणि काही दिवसांतच तो मागे घेण्यात येऊन १५ प्रवासांचा आधार कायम ठेवण्यात आला. या एका आकड्यावरून निवडीचे सूत्र स्पष्ट होते. महिन्यातून आठ किंवा त्याहून अधिक दिवस ये-जा करणाऱ्याला पास फायदेशीर ठरतो, तर आठवड्यातून एकदाच शहरात येणाऱ्याला सुटे तिकीट स्वस्त पडते. महिन्यात २५ दिवस ये-जा करणाऱ्याचे ५० प्रवास होतात आणि त्यांतील ३५ प्रवासांचे भाडे वाचते.

विद्यार्थ्यांसाठी या पासमध्ये विशेष सवलत आहे. मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था या प्रवासाचा द्वितीय श्रेणीचा मासिक पास विनामूल्य देण्याची तरतूद आहे. त्यासाठी शिक्षणसंस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते.

पासच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. पासधारकाला आरक्षित डब्यात बसता येत नाही. राजधानी, शताब्दी अशा गाड्यांत हा पास चालत नाही. परवानगी असलेल्या सुपरफास्ट गाड्यांसाठी वेगळा अधिभार भरावा लागतो. पास जवळ असूनही अशा गाडीत किंवा डब्यात चढणाऱ्या प्रवाशाला विनातिकीट समजून भाडे आणि किमान २५० रुपये दंड आकारला जाऊ शकतो. पाससोबत ओळखपत्र जवळ बाळगणेही बंधनकारक आहे.

पासची आणखी एक मर्यादा कोविड साथीच्या काळात दिसून आली. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या. त्यानंतर सुरू झालेल्या विशेष गाड्यांमध्ये पासधारकांना प्रवेश नव्हता आणि मासिक पासची सुविधा टप्प्याटप्प्यानेच पूर्ववत झाली. त्याच काळात अनेक पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेस म्हणून चालवल्या गेल्याने किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. रोजंदारीवर जगणाऱ्या प्रवाशांना याची मोठी झळ बसली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा गाड्यांचे किमान भाडे पुन्हा १० रुपये करण्यात आले. जुलै २०२५ आणि डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या भाडेवाढीतून मासिक पास वगळण्यात आले.

मेट्रोमध्ये मासिक पास नाही

दिल्ली मेट्रोची सेवा डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी या मार्गावर सुरू झाली. मुंबईच्या उपनगरी गाड्यांची सवय असलेल्या मराठी माणसाला दिल्लीत आल्यावर एका गोष्टीचे आश्चर्य वाटते, ती म्हणजे मेट्रोत रोजच्या प्रवाशांसाठी मासिक पास नाही. येथे स्मार्ट कार्डात पैसे भरावे लागतात आणि प्रत्येक प्रवासाचे भाडे त्यातून वजा होते.

आठ वर्षांच्या खंडानंतर २५ ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोच्या भाड्यात वाढ झाली. त्यानुसार सोमवार ते शनिवार दोन किलोमीटरपर्यंत ११ रुपये, पाच किलोमीटरपर्यंत २१ रुपये, १२ किलोमीटरपर्यंत ३२ रुपये, २१ किलोमीटरपर्यंत ४३ रुपये, ३२ किलोमीटरपर्यंत ५४ रुपये आणि त्यापुढे ६४ रुपये असे दर ठरवण्यात आले. रविवारी आणि राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी दोन किलोमीटरच्या पुढील टप्प्यांना कमी दर लागू होतात. विमानतळ मार्गाचे भाडे वेगळ्या कोष्टकानुसार आकारले जाते.

स्मार्ट कार्डधारकाला प्रत्येक प्रवासात १० टक्के सवलत मिळते. सकाळी आठपूर्वी, दुपारी १२ ते ५ या वेळेत आणि रात्री नऊनंतर प्रवास केल्यास आणखी १० टक्के सवलत दिली जाते. रोज ५४ रुपये भाड्याच्या अंतरावरून कामावर येणाऱ्या आणि महिन्यात २५ दिवस ये-जा करणाऱ्या व्यक्तीला सुट्या तिकिटांसाठी २,७०० रुपये लागतात. कार्डामुळे हा खर्च २,४३० रुपयांवर येतो. दोन्ही वेळचा प्रवास कमी गर्दीच्या वेळेत झाला तर तो सुमारे २,१६० रुपये होतो. फरिदाबादसारख्या शहरात मेट्रो आणि रेल्वे असे दोन्ही पर्याय आहेत. तेथे रेल्वेचा मासिक पास काही शे रुपयांत मिळत असल्याने गर्दी आणि वेळेची अनिश्चितता सोसूनही अनेक प्रवासी रेल्वेलाच पसंती देतात.

पर्यटक कार्डाचा हिशेब

दिल्ली पाहण्यासाठी येणाऱ्यांकरिता मेट्रोचे पर्यटक कार्ड आहे. एका दिवसाचे कार्ड २०० रुपयांना आणि तीन दिवसांचे ५०० रुपयांना, असे त्याचे दर दीर्घकाळ राहिले असून त्यांतील ५० रुपये कार्ड परत केल्यावर मिळतात. म्हणजेच दोन्ही कार्डांचा निव्वळ खर्च दिवसाला १५० रुपये होतो. खरेदीपूर्वी स्थानकावर दराची खात्री करून घ्यावी.

हे कार्ड कधी परवडते? पाच ते १२ किलोमीटरच्या प्रवासाला साध्या स्मार्ट कार्डावर २८ रुपये ८० पैसे पडतात. या हिशेबाने दिवसाला सहा प्रवास केले तरच पर्यटक कार्डाचा खर्च भरून निघतो. १२ ते २१ किलोमीटरचे प्रवास असतील तर चार पुरेसे आहेत. रविवारी कमी दर असल्याने पाच ते १२ किलोमीटरचे आठ प्रवास करावे लागतात. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय आणि कुतुबमिनार पाहून मुक्कामी परतणाऱ्या कुटुंबाचे दिवसभरात चार ते पाचच प्रवास होतात. त्यामुळे बहुसंख्य पर्यटकांना साधे स्मार्ट कार्डच स्वस्त पडते. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राजेंद्रनगर किंवा मुखर्जीनगर भागात राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनाही तेच सोयीचे आहे.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी सर्क्युलर तिकीट

एका शहरातून निघून अनेक ठिकाणे पाहत पुन्हा त्याच शहरात परतणाऱ्यांसाठी भारतीय रेल्वेचे सर्क्युलर जर्नी तिकीट, म्हणजेच वर्तुळाकार प्रवासाचे तिकीट उपलब्ध आहे. त्यात जास्तीत जास्त आठ ठिकाणी प्रवास खंडित करता येतो.

रेल्वेच्या भाड्यात अंतर जसे वाढते, तसा प्रतिकिलोमीटर दर कमी होत जातो. सर्क्युलर तिकिटाचा फायदा यातूनच मिळतो. संपूर्ण प्रवासाच्या अंतराचे दोन समान भाग करून त्या प्रत्येक भागाचे एकेरी भाडे आकारले जाते. उदाहरणार्थ, मुंबईहून कोटामार्गे दिल्ली सुमारे १,३८५ किलोमीटर, दिल्ली ते आग्रा सुमारे १९५ किलोमीटर आणि आग्र्याहून भोपाळमार्गे मुंबई सुमारे १,३४५ किलोमीटर असा एकूण २,९२५ किलोमीटरचा प्रवास धरला, तर तीन तिकिटांऐवजी सुमारे १,४६३ किलोमीटरची दोन भाडी द्यावी लागतात. जवळच्या अंतराचा चढा दर त्यामुळे टळतो. मुक्काम जितके अधिक आणि टप्पे जितके लहान, तितकी बचत वाढते. केवळ जाऊन येणाऱ्याला मात्र त्यातून फारसा लाभ होत नाही.

तिकिटाची मुदतही अंतरावरून ठरते. प्रवासासाठी दर ४०० किलोमीटरला एक दिवस आणि मुक्कामांसाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस धरला जातो. वरील उदाहरणात प्रवासाचे आठ आणि मुक्कामाचे १५ दिवस मिळतात.

हे तिकीट संकेतस्थळावर मिळत नाही. प्रवासाचा आराखडा घेऊन विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांच्या कार्यालयाशी किंवा मोठ्या स्थानकावरील अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा लागतो. भाडे निश्चित झाल्यावर तिकीट खिडकीवर तिकीट मिळते. त्यानंतर प्रत्येक टप्प्याचे आरक्षण स्वतंत्रपणे करावे लागते आणि आरक्षण शुल्क व सुपरफास्ट अधिभारही वेगळा द्यावा लागतो. म्हणजेच तिकीट हाती आले तरी शायिकेची हमी मिळत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. दिवाळी किंवा उन्हाळी सुट्टीत आरक्षण काही वेळातच संपते. अशा वेळी कागदोपत्री प्रक्रियेत दोन-तीन दिवस गेल्यास स्वस्त तिकीट मिळूनही प्रतीक्षायादीतच राहण्याची वेळ येऊ शकते. वृद्ध किंवा लहान मुले सोबत असतील, तर आरक्षण खुले होताच सुटी तिकिटे काढणे अधिक सुरक्षित ठरते. राजधानी, वंदे भारत अशा गाड्यांचे भाडे वेगळ्या पद्धतीने ठरत असल्याने त्यांचा हिशेब स्वतंत्र करावा.

एकाच दिशेने जाणाऱ्यांसाठी तिसरा मार्ग आहे. एक हजार किलोमीटरहून अधिक अंतराच्या साध्या तिकिटावर दोन वेळा प्रवास खंडित करता येतो. पहिला थांबा ५०० किलोमीटरनंतरच घेता येतो आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिवस राहता येते. मुंबई ते अमृतसर तिकिटावर दिल्लीत थांबणे अशा प्रकारे शक्य होते. राजधानी आणि शताब्दी गाड्यांना ही सोय लागू नाही.

युरोपात काय पाहावे

भारतीय नागरिकांसाठी युरोपात युरेल पास उपलब्ध आहे. ३३ देशांत चालणाऱ्या या पासमध्ये दोन प्रकार आहेत. एका प्रकारात ठरावीक मुदतीतील निवडक दिवशी प्रवास करता येतो, तर दुसऱ्यात सलग काही दिवस. चार ते ११ वर्षांची मुले प्रौढांसोबत विनामूल्य प्रवास करू शकतात. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना आणि ६० वर्षांवरील ज्येष्ठांनाही सवलत आहे.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समध्ये बहुतेक गाड्यांत पासधारकाला आरक्षणाविना बसता येते. फ्रान्स, इटली आणि स्पेनमधील वेगवान गाड्यांत तसेच युरोस्टारमध्ये आरक्षण सक्तीचे असून त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. पासची किंमत भागिले प्रवासाचे दिवस, अधिक आरक्षण शुल्क, ही त्या दिवसाची खरी किंमत होय. तिची तुलना महिनोन्महिने आधी मिळणाऱ्या स्वस्त सुट्या तिकिटाशी करावी. दोन-तीन शहरांच्या सहलीला सुटी तिकिटे आणि अनेक देशांच्या भ्रमंतीला पास, असे सर्वसाधारण उत्तर निघते.

मात्र भारतीय प्रवाशापुढे व्हिसाचाही प्रश्न असतो. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिन्यांपूर्वी अर्ज करता येत नाही. सर्वांत स्वस्त रेल्वे तिकिटे बहुधा परत होत नाहीत, त्यामुळे व्हिसा नाकारला गेल्यास ती रक्कम बुडते. वापर सुरू न केलेला साधा युरेल पास काही रक्कम कापून परत करता येतो. सवलतीच्या विक्रीतील पासला हा नियम लागू होईलच असे नाही. युरोस्टारने लंडनला जाणाऱ्यांना ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा घ्यावा लागतो.

निवड करताना

कोणताही पास घेण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर मांडाव्यात. प्रत्यक्षात किती प्रवास होणार आहेत, प्रत्येक प्रवासाचे सवलतीसह सुटे भाडे किती आहे, पासवर आणखी कोणते शुल्क द्यावे लागते आणि बेत रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळते. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार पास आणि इतर शुल्क यांच्या बेरजेपेक्षा अधिक असेल तरच पास घ्यावा. दर आणि नियम वेळोवेळी बदलत असल्याने खरेदीच्या दिवशी स्थानकावर किंवा अधिकृत संकेतस्थळावर त्यांची खातरजमा करून घेणे आवश्यक आहे.