पहिल्या पावलाचा आधार

स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात संस्थांच्या स्थापनेची वर्षे आवर्जून नोंदली जातात. घराचा उंबरठा ओलांडून आलेल्या मुलीचे पहिले दिवस मात्र क्वचितच आठवले जातात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभिले व पुढे आश्रम हिंगण्यास नेला. तेथे येणाऱ्या तरुण विधवांना अक्षरओळखीइतकाच धीरही हवा होता. आश्रमाची व्यवस्था पाहणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी वैधव्य स्वतः सोसले होते. नवागतेचे दुःख त्यांना निराळे सांगावे लागत नसे.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले आणि मातृभाषेला शिक्षणाचे माध्यम केले. परक्या भाषेचे भय त्यामुळे दारातच ओसरले.

फलटणला १९५७ मध्ये मुधोजी महाविद्यालय सुरू झाले आणि येथील कन्यांना गावातच उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नवागत विद्यार्थ्यांसाठी ‘दीक्षारंभ’ हा उपक्रम सुचविला. नाव नवे, गरज जुनीच. प्रवेश देणे हे निम्मे कार्य. आलेल्या कन्येस परकेपणा वाटू न देणे हे उरलेले निम्मे होय.